बयनाबाईनं तलावाला दवा दिली

फार वर्षांपूर्वी, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यात गावांपेक्षा तलाव जास्त होते आणि तलावातले मासे गावातल्या पंचांपेक्षा शहाणे होते त्या काळी, मोहटोली नावाच्या गावात बयनाबाई ढिवरीण राहायची. तिच्या नवऱ्याला तरुणपणीच तलावानं ठेवून घेतलं होतं. पोटी लेकरू नव्हतं. तरी ती तलावावर रागावली नाही. उलट रोज सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन पाण्यात हात घालायची आणि बराच वेळ तशीच बसायची. नुसत्या हातानं तिला कळायचं की आज कोणता मासा उपाशी आहे आणि कोणता रुसलाय, असं म्हणतात.

तलावही काही लहानसहान नव्हता. या पाळीवरून मारलेली हाक त्या पाळीवर पोचेपर्यंत हाक मारणारा जेवून झोपायला जायचा. त्यात एक कतला मासा इतका जुना होता की त्याच्या पाठीवर शेवाळ माजलं होतं आणि त्या शेवाळावर एका बगळ्यानं घरटं केलं होतं. बगळ्याचं पुढं काय झालं ते गावात कुणी सांगत नाही. कतल्यानंही सांगितलं नाही.

तर एका हिवाळ्यात त्या तलावातले मासे उड्या मारायला लागले. रोहू, मृगळ, कतले, सगळेच. पाण्यातून उसळायचे, पाळीच्या दगडांना अंग घासायचे आणि पुन्हा उसळायचे. काही तर थेट डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, येऊन पडायचे. ढिवरपुऱ्यातले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले, लोक खुश झाले.

"जाळं टाकाची गरजच नाही गा! मासे आपल्या पायानं येऊन रायले!"

"माशाले पाय कधीपासून फुटले वो?" बयनाबाई म्हणाली, पण ती हसली नाही. तिनं डोंग्यातला एक रोहू उचलला, त्याचा कल्ला वर केला, पर उलटा केला. पराखाली मसुरीच्या डाळीएवढं, चपटं, काचेसारखं काहीतरी चिकटलं होतं. नखानं खरवडलं तर ते पाय हलवत तिच्या बोटावरून चालायला लागलं.

"उवा," ती म्हणाली. "अंगभर उवा झाल्या हायेत यायले. खाज सहन होत नाही म्हणून उड्या मारून रायले."

मग खुशी ओसरली. मासे वाळत गेले. त्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले. रोज सकाळी पाळीला दोनचार मेलेले मासे लागायचे.

तलाव मालगुजाराचा आणि मासे ढिवरांचे, अशी त्या गावची जुनी रीत. ही बातमी ऐकून मालगुजार घोड्यावरून आला. नाकाला रुमाल लावून त्यानं पाळीवरून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "माझा तलाव सडवला तुम्ही. उन्हाळ्याच्या ओढणीत, जाळं ओढाल तेव्हा, तो मासळीनं भरलेला दिसला नाही, तर पुढच्या सालापासून खालच्या गावचे ढिवर इथं येतील. तुम्ही आपली चूल दुसरीकडं मांडा."

सारा ढिवरपुरा मान खाली घालून उभा राहिला. बयनाबाई तेवढी पुढं आली.

"मासे जगतीन, मालक."

"कुणाच्या भरवशावर?"

"माझ्या."

मालगुजारानं तिच्याकडं पाहिलं, घोडा वळवला आणि गेला. तो गेल्यावर बयनाबाई मटकन खाली बसली, कारण माशांची ऊ कशी मारायची हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

आदल्या वर्षी त्या भागात पटकीची साथ येऊन गेली होती. तेव्हा सरकारी माणसानं गावच्या विहिरीत लाल दवा टाकली होती आणि घरटी एकेक पुडी वाटली होती. दवा म्हणजे काळेभोर चकचकीत खडे. पाण्यात पडले की पाणी जांभळं. आता त्या विहिरीत दवेच्या आधीपासूनच तलावातली एक मरळ सोडलेली होती, डासांची पिल्लं खायला. बयनाबाईनं विहिरीत वाकून पाहिलं. तलावातला मासा न् मासा खाजवत होता, पण ही मरळ शेठाणीसारखी निवांत पडली होती. अंग स्वच्छ. उवेचं नाव नाही.

बयनाबाई विहिरीच्या काठावर दुपार होईस्तोवर बसली. मग उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्या घागरी अंगणात मांडल्या.

प्रत्येक घागरीत तिनं तलावाचं पाणी भरलं, एकेक आजारी मासा सोडला आणि दवा विरघळवून कमीजास्त घातली. एका घागरीतलं पाणी वांग्याच्या सालीसारखं झालं; त्यातला मासा आडवा पडून तोंड वासायला लागला. तिनं त्याला झटकन उचलून साध्या पाण्यात टाकलं आणि त्याच्याजवळ बसून माफी मागितली. दुसऱ्या घागरीतलं पाणी जेमतेम गुलाबी होतं आणि बघता बघता चहासारखं तपकिरी झालं. मासा होता तसा, उवाही होत्या तशाच. तिसऱ्या घागरीतलं पाणी कमळाच्या पाकळीसारखं झालं आणि सकाळपासून उन्हं कलेपर्यंत तसंच राहिलं. त्यातल्या माशाच्या अंगावरून उवा एकेक करून गळून तळाला गेल्या.

त्या घागरींपाशी बसून तिला आणखी एक गोष्ट कळली. विहिरीच्या नितळ पाण्यात चिमूटभर दवा पुरायची, पण तलावाच्या गढूळ पाण्यात तेवढी पुरेना. गाळ दवा पिऊन टाकायचा. "आधी तलाव पिते," ती म्हणायची, "मग उरलं तं उवेले भेटते."

आता प्रश्न राहिला तलाव केवढा याचा. असं म्हणतात, की बयनाबाईनं एका घागरीनं सारा तलाव या बाजूनं उपसला आणि त्या बाजूनं परत ओतला, तोंडानं मोजत मोजत. कुणी म्हणतं, तिनं बांबूनं खोली पाहिली आणि पाळीवरून चालत अदमास घेतला. पहिलंच खरं असावं, कारण बांबूनं कुणीही मोजेल.

लागणारी दवा ढिवरपुऱ्यातल्या घरांतच निघाली, पुड्यांत उरलीही. एका गार सकाळी बयनाबाईनं ती मडक्यात विरघळवली, डोंग्यात बसली आणि तलावभर सारखी शिंपडत गेली. एका जागी जास्त नाही, एका जागी कमी नाही. ऊन वर येईपर्यंत सारा तलाव कमळाच्या पाकळीचा झाला. ती पलीकडच्या टोकाला डोंगा थांबवून मासे बघत बसली.

इथं मोहटोलीची एक रीत सांगायला हवी. या गावात कुठलंही सामाईक काम निघालं, देवीचा भंडारा असो की कुणाच्या जळलेल्या घराची भिंत असो, प्रत्येक घराची मूठ त्यात पडायची. तांदळाची मूठ, नाहीतर मातीची मूठ. ज्या घराची मूठ पडली नाही ते घर त्या कामात नव्हतं, आणि कामात नसलेल्या घराशी कोण सोयरीक करणार? आणि इथं तर तलावाला दवा द्यायची होती! तीही फक्त ढिवरपुऱ्यानं द्यायची, आणि बाकीच्या गावानं नुसतं बघायचं?

बयनाबाई पलीकडं बसलेली असताना एकेका घरातून एकेक बाई पदराखाली पुडी घेऊन घाटावर आली. इकडंतिकडं पाहिलं, हात जोडले, मूठ पाण्यात सोडली आणि गुपचूप घरी गेली. प्रत्येकीला वाटलं, आपली एकटीचीच तर आहे, एवढ्या मोठ्या तलावाला काय होतं.

बयनाबाई परत आली तेव्हा घाटाजवळचं पाणी वांग्याच्या सालीसारखं झालं होतं. तो रंग हळूहळू पसरत तलावाच्या मध्यावर चालला होता. आणि त्या रंगात हजारो मासे पाण्यावर तोंडं काढून, मुकाट्यानं, आकाशाकडं बघत होते. तो शेवाळाचा कतला आडवा झाला होता.

मालगुजार तिच्या डोळ्यांपुढं आला, मग ढिवरपुऱ्यातल्या चुली. मग आपल्या घागरी आठवल्या, आणि गाळ.

ती पाळीवरून धावत सुटली ती थेट पैकू गोवाऱ्याकडं. पैकू गावाच्या म्हशी चारायचा. त्याची आणि बयनाबाईची जन्माची खुन्नस होती, कारण त्याची एक म्हैस तलावात उतरली तरी ती काठी घेऊन धावायची.

"पैकू, साऱ्या म्हशी तलावात घाल!"

पैकूनं कानात बोट घालून फिरवलं. "का म्हणालीस?"

"म्हशी! तलावात! गाळ ढवळाचा हाय, बेगीन!"

"परवाच तर माह्या काळीच्या पाठीत काठी घातलीस, बाई. अन् आज आवतन देऊन रायलीस? पाटावर बसवतेस का तिले?"

"पैकू, मासे मरून रायले गा," बयनाबाई म्हणाली आणि तिनं त्याचे पाय धरले.

पैकू घाबरून मागं सरला. बयनाबाईनं कुणाचे पाय धरलेले गावानं कधी पाहिले नव्हते. त्यानं तोंडात बोटं घालून अशी शीळ मारली की सात गावच्या म्हशींचे कान उभे राहिले, आणि असं म्हणतात, त्या सातही गावच्या म्हशी आल्या. पाळ थरथरली. म्हशी पाण्यात उतरल्या, लोळल्या, त्यांनी शिंगांनी तळ उकरला. जुना काळा गाळ ढगासारखा वर आला. मागोमाग सारं गाव उतरलं. बाया, बाप्ये, म्हातारे, जे हाती लागेल त्यानं पाणी बडवत होते, कारण बयनाबाई ओरडत होती, "हवा जाऊ द्या पान्यात! थांबू नोका!"

गाळ दवा प्यायला लागला. वांग्याचा रंग जांभळा झाला, जांभळ्याचा गढूळ, गढूळाचा चहासारखा. आणि चहासारख्या पाण्यात एक रोहू तळाकडं वळला. मग दुसरा. मग पाण्यावरची तोंडं एकामागून एक दिसेनाशी झाली.

सगळे नाही वाचले. पाळीला पुष्कळ मासे लागले, त्यांत तो शेवाळाचा कतलाही होता. बयनाबाईनं त्याला बाजारात जाऊ दिलं नाही. पाळीखाली खड्डा करून पुरला. गावातल्या सगळ्यांचे हात त्या दवेनं तपकिरी झाले होते आणि ते महिनाभर गेले नाहीत. काही म्हशींचा तर रंग कायमचा उतरला. त्या भागात आजही एखादी भुरी म्हैस दिसते, ती त्याच वंशातली.

संध्याकाळी सगळे पाळीवर ओल्या कपड्यांनी बसले होते.

"कोणं टाकली?" बयनाबाईनं विचारलं.

कुणब्यांच्या आळीतली सायत्रा म्हातारी पुढं आली. "मीनं टाकली वो. एक माह्या घरची. अन् एक आमच्या बुढ्याच्या नावाची, तो असता तं त्यानंबी टाकली असती."

"मीनंबी," दुसरी म्हणाली.

"माही तं उलिशीच होती, चिमूटभर."

"मले वाटलं, मी एकटीच."

बोलता बोलता सगळं गाव उभं राहिलं. पैकूची बायकोही. शेवटी बयनाबाईची स्वतःची जाऊ उभी राहिली, तेव्हा बयनाबाईनं कपाळाला हात लावला. तिला रागवायचं होतं. पण समोर वैरी कुणीच नव्हता. सगळी तिचीच माणसं होती आणि सगळ्यांनी हात जोडून टाकली होती.

आणि काम तर अजून संपलं नव्हतं. दवेनं उवा मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. दगडांना, काटक्यांना चिकटलेली ती अंडी फुटली की उवा पुन्हा हजर. म्हणजे अंडी फुटायची वाट पाहून पुन्हा एकदा दवा द्यावी लागणार होती. पुन्हा मूठ पडली तर? आणि घाटावर काठी घेऊन बसून ती किती घरांना अडवणार? अडवलेलं घर सात पिढ्या विसरणार नव्हतं.

दवेचा दुसरा दिवस ठरला, तेव्हा बयनाबाई घरोघर फिरली. प्रत्येक दारात तिनं एकच सांगितलं. "उद्या मूठ घेऊन या. साऱ्यायनं या. पन मूठ रिकामी आना."

"रिकाम्या मुठीनं का होते वो?" सायत्रा म्हातारीनं विचारलं.

"भरल्या मुठीनं का झालं ते पाह्यलं ना, माय?"

सायत्रानं आपल्या तपकिरी हातांकडं पाहिलं. "अन् बुढ्याची?"

"त्याचीबी आन," बयनाबाई म्हणाली. "दोन हात हायेत ना तुले."

दुसऱ्या दिवशी आधी एका घागरीत एक मासा आणि ठरलेली दवा. बयनाबाई शेजारी बसली. सारं गाव तिच्याभोवती बसलं. मासा स्थिर राहिला, पाणी कमळाचं राहिलं, तेव्हा ती उठली आणि डोंगा घेऊन तलावभर शिंपडून आली. मग घाटावर रांग लागली. एकेका बाईनं पाण्यावर मूठ धरली आणि उघडली. सायत्रा म्हातारीनं दोन्ही उघडल्या. पाण्याचा रंग जराही बदलला नाही.

उन्हाळ्यात ओढण झाली तेव्हा जाळं ओढायला ढिवरपुरा कमी पडला आणि पैकूनं म्हशी जुंपल्या, असं म्हणतात. मालगुजारानं घोड्यावरूनच पाहिलं, घोडा वळवला, आणि चुली आपल्या जागी राहिल्या. बयनाबाई पुढं खूप जगली. ती गेली त्या सकाळी तलावातले सारे मासे घाटाशी येऊन थांबले होते, आणि या वेळी एकही उडी मारत नव्हता.

आता दवा बाटलीतून येते. ती किती घालायची ते मत्स्य खात्याचा माणूस येऊन सांगतो, आणि मोहटोलीचे लोक ते नीट ऐकून घेतात. तरीही दवेच्या दिवशी बयनाबाईच्या नावानं आधी एक घागर मांडली जाते, त्यात एक मासा सोडला जातो आणि कुणीतरी जाणतं माणूस त्याच्याजवळ बसून राहतं. मासा ठीक असला तरच डोंगा पाण्यात जातो. नंतर घाटावर रांग लागते. ढिवर, गोवारी, कुणबी, परवा गावात राहायला आलेला मास्तरसुद्धा, सगळे पाण्यावर मूठ उघडतात. बाहेरचा कुणी विचारतो, काय टाकलं? तर काही नाही, म्हणतात. आणि गावात नव्यानं आलेली सून त्या संध्याकाळी माहेरी निरोप धाडते, की आज आमच्या घरची मूठ मी टाकली.