दहा फुटी दरवाजा

“मग जुनं नेमकं काय, ते तुम्हीच दाखवा ना फादर!”

सायमन तुस्कानोने टेप खटकन मिटवली. आर्किटेक्ट होऊन पंधरा वर्षांनी वसईला आलेला गावचाच मुलगा. हुशार होता, आणि हुशारी झाकून ठेवायची सवय त्याला अजून लागली नव्हती. चर्च राखायचं की पाडून मोठं बांधायचं, हे रविवारच्या सभेत त्याच्या अहवालावर ठरणार होतं.

फादर इनास पायरीवर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी इथे मिस्साची प्रार्थना चालवली होती. हे चर्च आपल्या डोळ्यांदेखत पडू नये, एवढीच आता त्यांची इच्छा होती. सायमनला ती ठाऊक होती, म्हणून तर तो जास्तच चिडला होता.

“पाटीवर म्हणे चारशे वर्षं! कौलं माझ्या आज्याच्या वेळची. तुळया मोडक्या गलबताच्या. मनोरा दोनदा पडला, दोनदा बांधला. भिंती वादळानंतरच्या.”

“खरं आहे.”

“वेदी तर माझ्या बाप्तिस्म्यानंतर बदलली.”

“तेही खरं.”

भांडायला आलेल्या माणसाला सगळं कबूल करणारा म्हातारा भेटला, की त्याची मोठी पंचाईत होते.

“आणि हा दरवाजा?” सायमन इरेला पेटला. “आधीचा जेमतेम साडेचार फूट होता. लुटारूंनी घोड्यावरून आत घुसू नये म्हणून. सत्तर वर्षांपूर्वी सणाची मिरवणूक पुतळ्यासकट आत यावी म्हणून तोही फोडला. आता दहा फूट आहे. जुन्या चौकटीची ढलपीसुद्धा उरली नाही!”

“नाही उरली...”

तेवढ्यात नातालआजी प्रार्थना आटोपून बाहेर आल्या. दारात डोक्यावर हात धरून कंबरेत वाकल्या, उंबरा ओलांडल्यावर सरळ झाल्या आणि चालू लागल्या.

सायमनला हसू फुटलं. “दार दहा फुटांचं, आजी पाच फुटांच्या! अख्खं गाव असंच. कुणी विचारतसुद्धा नाही, का म्हणून.”

फादर पाठमोऱ्या आजींकडे बघत राहिले.

“मी लिहिणार, फादर. जुनं काही नाही.”

“लिही. खोटं लिहू नकोस, एवढंच.” म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. “पण इथे उन्हात नको. आत बाकावर बसून लिही.”

सायमनने फाईल काखेत मारली आणि तो ताडताड निघाला.

दारात त्याचा हात डोक्यावर गेला. मान खाली झाली, पाठ वाकली आणि तो आत शिरला.

दोन पावलं गेला... आणि थांबला.

हात अजून डोक्यावरच होता.

तो सावकाश मागे वळला. फादर उंबऱ्याबाहेर उभे होते. ते हसत नव्हते.

“सायमन,” ते म्हणाले, “आत्ता ज्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून वाकलास, तिचं माप तेवढं लिहायला विसरू नकोस.”