धुरात न धरलेली घोंगडी

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी शिलावती नगरात उग्रबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या नगरापासून दोन दिवसांच्या चढणीवर, मेंढपाळांच्या एका वस्तीत, वाटाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव शैलक. तरुणपणी तो शिकाऱ्यांना रानबोकडांच्या कड्यांवर घेऊन जात असे. एकदा बाण लागून पडलेल्या शेळीच्या कासेतून दूध वाहताना त्याने पाहिले आणि त्या दिवशी ते काम सोडले.

पुढे एका हिवाळ्यात बर्फ इतके पडले की रानशेळ्या मिठासाठी उघडे खडक चाटू लागल्या. शैलकाने घरातले खडेमीठ कमरेला बांधले, कडा चढला आणि एका सपाट शिळेवर ते ठेवून आला. मग दर पंधरवड्याला तो जाऊ लागला. नऊ वर्षे गेली. पूर्वी त्याला पाहून पळणारा कळप आता त्याच्या मुठीत तोंड खुपसू लागला. त्यांत फाटक्या कानाची एक म्हातारी शेळी सर्वांच्या पुढे असे. शैलकाला मूलबाळ नव्हते. ती धावत आली की त्याला बरे वाटे. त्या बरे वाटण्यात काही धोका असेल, असे त्याच्या मनात कधी आले नाही.

त्याच सुमारास राजाने नगराला नवी वेस बांधली. तिच्यावर रानबोकडाची मोठी शिंगे लावावीत आणि ती स्वतः मारलेल्या बोकडाची असावीत, अशी त्याला इच्छा झाली. वस्तीचा प्रमुख पिंगल निरोप घेऊन शैलकाच्या दारी आला.

"शैलका, महाराज येताहेत. कड्यावर तूच न्यायचंस."

"दुसरा वाटाड्या बघा, पिंगलदादा."

"दुसरा आहे कुठे? तू शिकवायचं सोडलंस आणि पोरं मेंढ्यांमागे गेली. आता ऐक. शिंगं मिळाली तर वरचं कुरण आपलं. गावानं कसूर केली तर ते राजाच्या घोड्यांना जाईल. दूतानं तोंडावर सांगितलंय." मग पिंगल जरा हसला. "नऊ वर्षं त्या बयांना माहेरवाशिणीसारखं जपलंस. एक बोकड गावासाठी दे की, बाबा!"

कुरण गेले तर चाळीस घरांच्या मेंढ्या हिवाळा काढणार नाहीत, हे शैलकाला ठाऊक होते. नाही म्हटले तर पिंगल स्वतः राजाला मिठाच्या शिळेपाशी नेईल, हेही ठाऊक होते. तीन दिवस विचार करून तो हो म्हणाला. मनात मात्र त्याने ठरवले, की कळप आपला आपणच सावध होऊन पळेल असे करायचे. शिकार हुकली तर राजा दैवाला दोष देईल, गावाला देणार नाही.

रानबोकडाच्या शिकारीची तयारी सात दिवसांची असते. त्या दिवसांत शिकाऱ्यांनी लसूण, हिंग खायचे नाही, अंगाला तेल लावायचे नाही. खडकावर आवाज होऊ नये म्हणून गवताच्या दोरीच्या वहाणा वळायच्या. शेवटच्या दिवशी सर्वांची वस्त्रे देवदाराच्या धुरात धरायची, म्हणजे माणसाचा वास मरतो. शैलकाने राजाची आणि चार धनुर्धाऱ्यांची वस्त्रे स्वतःच्या हाताने धुरात धरली. पिंगलची कांबळही धरली.

"अहो, तुमची घोंगडी तेवढी राहिली," त्याची बायको सामा म्हणाली.

"राहू दे."

सामेने त्याच्याकडे पाहिले आणि तिला समजले. "गावाशी असं वागू नका," ती हळूच म्हणाली. "आपल्याला याच लोकांत मरायचंय."

त्याने घोंगडी तशीच खांद्यावर टाकली.

सकाळी सगळे कडा चढू लागले. वारा कुठला आहे हे पाहण्यासाठी वाटाडे चिमूटभर राख उडवतात. शैलकाने राख उडवली. ती त्यांच्या पाठीकडून पुढे, कळप चरतो त्या उताराकडे गेली. असे झाले की शिकारी वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने चढतात. शैलक सरळ चालू लागला.

थोड्या वेळाने पिंगल त्याच्या कानाशी आला. "वारा मागून आहे. मला काय आंधळा समजतोस?"

"आज गप्प राहा, दादा."

"चाळीस घरं आहेत रे, मेल्या! चाळीस!"

"काय कुजबुज चालली आहे?" राजाने विचारले.

पिंगलने शैलकाच्या तोंडाकडे पाहिले. खरे सांगितले तर शैलकाची मान जाईल आणि गावाचीही धडगत नाही. "काही नाही महाराज," तो म्हणाला. "चढण कठीण आहे, एवढंच."

उताराच्या कडेला पोहोचल्यावर शैलक थांबला. वाऱ्याने त्याच्या घोंगडीचा वास खाली कळपापर्यंत गेला. शेळ्यांनी माना वर केल्या. माणसाचा वास आला की रानशेळ्या पळतात, हा वाटाड्यांचा जुना अनुभव धरून, आता पळतील, असे त्याला वाटले.

कळप वर येऊ लागला.

नऊ वर्षे त्या वासाबरोबर मीठ आले होते. बाकीच्या माणसांचा वास धुराने मारला होता, म्हणून शेळ्यांना वाऱ्यावर एकटा शैलकच कळला. करडे उड्या मारत होती. मागून मोठा बोकड सावकाश चढत होता. त्याची शिंगे पाहून राजा एक पाऊल पुढे सरकला.

"वाटाड्या, तू तर मंत्र जाणतोस!" तो पुटपुटला आणि धनुर्धाऱ्यांनी बाण जोडले.

पिंगलचे डोळे भरून आले. गाव वाचले होते. शैलकाने फक्त उभे राहायचे होते.

त्याने वाकून दगड उचलला आणि पुढच्या शेळीला मारला. मग दुसरा. तो ओरडत होता, शिव्या देत होता, त्याचा आवाज फाटला होता. शेळ्या आधी थबकल्या, कारण हे काय आहे ते त्यांना समजेना. एका करडाच्या कपाळातून रक्त आले तेव्हा बोकडाने नाकातून धोक्याची शीळ घातली आणि सारा कळप कड्याच्या आडोशाला नाहीसा झाला.

फाटक्या कानाची शेळी तेवढी राहिली. ती शैलकापर्यंत आली आणि दगड धरलेल्या त्याच्या मुठीत तिने तोंड खुपसले. त्याचा हात वर गेला, पण मारवेना. चिडलेल्या राजाचा बाण तिच्या बरगडीत शिरला.

"ही शिंगं?" राजा पायाने तिचे डोके उलटवीत म्हणाला. "ही वेशीवर लावली तर लोक हसतील."

वाटाड्याला वेड लागले असे समजून राजाने शैलकाला जिवंत सोडले, पण कुरण राजाच्या घोड्यांना गेले. त्या हिवाळ्यात वस्तीतल्या निम्म्याहून अधिक मेंढ्या मेल्या आणि अकरा घरे डोंगर सोडून गेली. गावाने शैलकाला वाळीत टाकले नाही. टाकले असते तर त्याला सोपे झाले असते. पिंगल वाटेत भेटला की रस्ता देई आणि खाली पाही. सामेने त्याला कधी काही विचारले नाही.

शैलक पुन्हा कड्यावर गेला. तो एक कोस दूर असतानाच बोकडाची शीळ ऐकू आली आणि उतार रिकामा झाला. तेथे बसून तो पुष्कळ वेळ रडला. आपण वाचवले ते अधिक की गमावले ते, हे त्याला ठरवता आले नाही, आणि मरेपर्यंत आले नाही. पण त्या कळपातले एकही जनावर पुढे माणसाच्या बाणाने मेले नाही.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षुसंघाला म्हणाले, "तेव्हाचा उग्रबाहू राजा म्हणजे हा भिक्षू कुंभक. पिंगल म्हणजे स्थविर भद्रक, आणि सामा म्हणजे भिक्षुणी सुमेखला. शैलक वाटाड्या मीच होतो."

सुमेखलेने हात जोडून विचारले, "भगवन्, आणि ती शेळी?"

शास्ता म्हणाले, "ती या सभेत नाही. त्यानंतर कोणत्याही जन्मात ती मला भेटली नाही."

मग ते म्हणाले, "ज्याच्यावर आपली माया आहे त्याने आपल्यालाच भ्यावे, हे स्वीकारून त्याचे भले करणे, ही उपेक्षा पारमिता, म्हणजे समचित्ततेची पूर्णता होय. ती मी त्या जन्मी थोडीशी शिकलो."