मागच्या दारचे पक्षी

एका राज्यात वेणुमती नावाची बाई राहत होती. तिनं एकदा एक नेम धरला होता. तिचा नवरा शिवदास दिवाळीच्या गर्दीपुरता राजाच्या पेठेत कामाला गेला. सण सरला, पणत्या विझल्या, पण तो काही परतला नाही. तेव्हा तिनं अन्नपूर्णेपुढं पदर पसरला. म्हणाली, "आई, आमचे हे कुठं उपाशी असतील, तुलाच ठाऊक. ते घरी येईतो दुसऱ्या कुणाला वाढल्याशिवाय मी माझं पान वाढून घेणार नाही."

वर्ष फिरून आलं. पुन्हा दिवाळी तोंडावर आली.

राजा मणिध्वजाची पेठ मोठी नामांकित. तिथं चांदण्याची वस्त्रं गजावर मिळत, इंद्रधनुष्याचे चुडे मिळत, फुंकर घातली की पेटणारे आकाशकंदील मिळत. सणाला सारा मुलूख तिथं लोटे. नेहमीची माणसं पुरी पडत नसत, म्हणून चार दिवसांची माणसं ठेवत. पण पेठेत गेलेली चार दिवसांची माणसं घरी म्हणून येत नसत. त्या वर्षी दवंडी पिटून दवंडीवाल्याचा घसा बसला, तरी एक माणूस फिरकलं नाही.

वेणुमती मात्र गेली. पेठेचे कारभारी हिरण्यशेट गादीवर बसले होते.

"बाई, दुकानात कधी उभी राहिलीस?"

"नाही शेटजी. चुलीपुढं उभी राहिलेय."

"इथं चूल नाही, गर्दी आहे."

"सणाच्या दिवशी माझ्या चुलीपुढंही गर्दीच असते."

शेटजी हसले नाहीत, पण मिशी हलली. म्हणाले, "तीन कामं सांगतो. जमली तर राहा."

पहिलं काम घडीचं. चांदण्याचं लुगडं घडी घालायचं, पण सुरकुती पडता कामा नये. लुगडं पाण्यासारखं हातातून निसटे. वेणुमतीनं दुसरं टोक शेटजींच्या हातात दिलं. "धरा हो जरा." आजवर शेटजींना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं धरलं आणि घडी बसली.

दुसरं काम चुड्यांचं. डोंगरातली एक राक्षसीण चुडा भरायला आली. मनगट उखळाएवढं, मूठ आवळलेली. वेणुमतीनं तिचा हात मांडीवर घेतला, विचारलं, "बाई, माहेर कुठलं तुमचं?" राक्षसीण माहेरच्या करवंदांचं सांगू लागली. सांगता सांगता मूठ सैल पडली आणि चुडा सुळकन चढला. "अगंबाई, झालं पण?" राक्षसीण लाजली.

तिसरं काम सातमुखी गिऱ्हाइकाचं. त्याची सहा तोंडं एकदम भाव विचारत होती. वेणुमतीनं त्या सहांकडे लक्षच दिलं नाही. गप्प बसलेल्या सातव्या तोंडाला विचारलं, "तुम्हाला काय हवं?" ते म्हणालं, "घोटभर पाणी." ते पाणी प्यालं आणि उरलेली सहाही निवली.

"राहा," हिरण्यशेट म्हणाले. "शेवटचा दिवा विझेपर्यंत."

ती राहिली. दुपारी शिदोरी सोडली की नेमाप्रमाणं आधी दुसऱ्याला वाढायची. मागच्या दाराच्या वळचणीला पाखरांची दाटी असे. साळुंख्या, चिमण्या, बुलबुल. ती त्यांना भात घाली, मग आपण घास घेई. एके दुपारी एक म्हातारी साळुंखी भात गिळून बोलली.

"पोरी, तूही आमच्यात येणार गं."

"म्हणजे कुणात, आजी?"

"आम्ही पेठेची चार दिवसांची माणसं. फार मागं एक जादूगार इथं हंगामाला राहिला होता. त्याला माणसांच्या तोंडावरचा सण बघायची हौस. राब राब राबला. शेवटल्या सांजेला राजवाड्यात पंगत बसली. नेहमीच्या माणसांना पाट, रांगोळी. आम्हा चार दिवसांच्यांना मागच्या दाराशी सांगितलं, काम संपलं, निघा. जादूगार रागावला नाही गं, रडला. म्हणाला, 'ज्याला बसायला पाट नाही, त्याला जमीन तरी कशाला?' तेव्हापासून त्या दारानं ज्याला निघा म्हणतात, त्याला पंख फुटतात."

वेणुमतीनं वर पाहिलं. सगळ्यांत शेवटी एक बुलबुल पाठ करून बसला होता. तो भाताला कधी खाली येत नसे. पाठ करून रुसायची ती खोड तिनं लगेच ओळखली.

शेवटची सांज आली. पंगत मांडली गेली. हिरण्यशेट हळूच म्हणाले, "बाई, निघ आता. मागचं दार उघडं आहे."

वेणुमती मागच्या दारी गेली नाही. ती सरळ राजापुढं जाऊन उभी राहिली. साळुंखीनं सांगितलं ते सारं तिनं सांगितलं आणि म्हणाली, "महाराज, पाट मांडा."

राजा म्हणाला, "बाई, ती माणसं चार दिवसांची. उद्या असणारही नाहीत."

"महाराज, राजकन्या दिवाळीला माहेरी आल्यात. त्याही चार दिवसांच्याच. त्यांना कुठल्या दारानं काढणार?"

राजकन्येनं आपला पाट उचलला आणि वळचणीखाली नेऊन मांडला. मग राजाही उठला. वाड्यातले सगळे पाट बाहेर आले. राजानं आपल्या हातानं पानं वाढली, पानापानावर दही घातलं, घरचं माणूस प्रवासाला निघताना घालतात तसं. पाखरं उतरली. चोच दह्याला लागली की पिसं गळत आणि पाटावर माणूस बसलेलं दिसे.

एक पाट रिकामा राहिला. बुलबुल वळचणीतच होता, पाठ करून. "ते आमचे," वेणुमती म्हणाली.

"त्यांचं नाव काय?" राजानं विचारलं.

वेणुमती लाजली. नवऱ्याचं नाव नुसतं कसं घ्यावं? तिनं पदर सावरला आणि उखाणा घेतला,

"रांगोळी काढली अंगणात, समई लावली दारात,
शिवदासांचं पान वाढा चौघांसारखं घरात."

राजा स्वतः वळचणीखाली गेला, वर बघून हात जोडले. "शिवदास, चला. पान वाढलंय. तुमच्यावाचून पंगत अडलीय."

बुलबुलानं मान वळवली.

त्या सांजेला मागचं दार दगडांनी बुजवलं. माणसं पोटभर जेवली आणि पुढच्या दारानं निघाली. जो तो म्हणे, "येतो, महाराज." राजा म्हणे, "या. पुढल्या दिवाळीला वाट बघतो." वेणुमती आणि शिवदास एका पानात जेवले, आणि तिचा नेम सुफळ झाला.

तर बायांनो, सणासुदीला तुमच्या दुकानी, तुमच्या दारी कुणी चार दिवस हात लावायला आलं, तर आधी त्यांचं पान वाढा, मग आपलं घ्या. एवढा नेम या दिवाळीला तुम्हीही धरा.