कोरं फडकं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक सुईण होती. माणसांची बाळं तिच्या हातून जन्माला येत. समुद्राची बाळं बघायचं कामही गावाने तिच्याकडेच दिलं होतं.

पावसाळा ओसरला, की होड्या सुटण्याआधी ती कमरेइतक्या पाण्यात उतरायची. भरतीच्या पाण्यात पांढरं फडकं धरायची आणि अलगद वर उचलायची. माशांची नखाएवढी पिल्लं त्यावर वळवळली, की ती हसून त्यांना परत सोडायची. पिल्लं थोडी असली, तर गावाचा एकच नियम होता. त्या वर्षी पोटात गाभोळी असलेली मासळी जाळ्यात आली, तर अंड्यांसकट तिला पाण्यात सोडायचं.

एका वर्षी फडकं कोरं निघालं. सुईणीने तीनदा धरलं, तिन्ही वेळा नुसतं पाणी निथळलं. तेही कोमट.

ती ओल्या लुगड्यानेच नाखव्याकडे गेली. गावच्या होड्यांचा म्होरक्या असलेला हा नाखवा तिचा धाकटा भाऊ. आठच दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला होता, तिच्याच हातून.

“भावा, दर्या तापलाय,” ती म्हणाली. “पिल्लांचं बारीक खाणं असल्या पाण्यात जगत नाय. औंदाची पोरं उपाशी मेली. आया तरी राखूया.”

“ताई, तू फडकं बघ, मी जाळं बघतो,” नाखवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी होड्या गेल्या आणि काठोकाठ भरून आल्या. मोठी मासळी गारव्यासाठी एकाच खोल खळग्यात येऊन दाटली होती. जाळं टाकायचा अवकाश, की भरलंच. गावाने सुईणीची यथेच्छ थट्टा केली. “बाय, त्या फडक्याचं आता बाळाला दुपटं शिव!” असं एकजण ओरडला, आणि सगळे हसले.

सुईण हसली नाही. “भावा, ही मागच्या चांगल्या वर्षांची मासळी हाय. औंदाची पोरं तुझा मुलगा चार-पाच वर्षांचा होईल, तवा जाळ्यात यायची. ती कुठून आणणार?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

हे बोलताना त्याच्या ताटात तळलेली गाभोळी होती. त्या वर्षी ती घरोघरी तळली गेली. गाभोळी चविष्ट लागते, हे मीही नाकारत नाही. म्हणून तर मला त्या गावाला नुसतं मूर्ख म्हणवत नाही, वाईट वाटतं.

पुढचं वर्ष बरं गेलं. तिसऱ्या वर्षी टोपल्या अर्ध्या भरल्या. चौथ्या वर्षी जाळ्यात शेवाळ आलं. मग एकेक घर उठून दूरच्या गावांना जाऊ लागलं. पाचव्या वर्षी नाखव्याची बायकोही मुलाला घेऊन माहेरी निघाली.

“बाबा, तू नाय येत?” पोराने विचारलं. नाखव्याने त्याचं गाठोडं उचलून बायकोच्या हाती दिलं.

त्याच वर्षी पावसाळा ओसरल्यावर खाडीचं पाणी पुन्हा पूर्वीसारखं गार झालं. नाखव्याने हात बुडवून पाहिला आणि तो धावतच बहिणीकडे गेला. “ताई, पाणी गार झालं! धर फडकं. पोराला परत आणतो मी!”

सुईण पाण्यात उतरली. तिने फडकं बराच वेळ धरलं, मग उचललं. ते कोरंच होतं.

“पाणी तर चांगलं हाय,” नाखवा कासावीस होऊन म्हणाला. “मग पिल्लं का नाय?”

“एकटं पाणी काय करणार, भावा? अंडी घालायला आई लागते. आया आपण तळून खाल्ल्या.”

नाखवा काठावर बसून ढसाढसा रडला. सुईणीने फडकं पिळलं, वाळवलं आणि घडी करून ठेवून दिलं. त्या वर्षी गावातही एकही बाळ जन्मलं नाही.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: वाईट वर्षात जो आया राखत नाही, त्याला चांगलं वर्ष येऊनही काही देऊ शकत नाही.