हिस्सापत्राची पाठ

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळातली. एका राज्याच्या सीमेवर तांब्याची खाण होती. तिथे राबणाऱ्या प्रत्येकाला राजाकडून हिस्सापत्र मिळे. 'या खाणीत तुझाही वाटा आहे,' असं सांगणारा कागद. त्यावर उगवता सूर्य, खाली राजाची मोहोर.

पुढे खाणीत पाणी शिरलं. खाण बंद पडली, वस्ती पांगली.

त्या वस्तीत वाढलेला एकजण मोठेपणी परतला. सुटीची घंटा, बापाचे तांबूस धुळीने माखलेले पाय, काही केल्या त्याला विसरवेनात. बापाचं हिस्सापत्र आईने खळ लावून फळीवर चिकटवलेलं होतं. त्याच्या शेजारी लावायला त्याने गावोगाव हिंडून हिस्सापत्रं जमवली आणि तशीच फळ्यांवर चिकटवली. कुणाच्या कणगीतून, कुणाच्या आढ्यातून. लोक येत, "वा!" म्हणत.

एके सकाळी एक म्हातारी आली. फळ्या पाहून ती उखडलीच.

"अरे, यांच्या पाठी कुठायत?"

"पाठीवर काय असणार, आजी? तेलाचे डाग."

"डाग? मेल्या, डोळे फुटले होते का तुझे?" तिने आपल्याजवळचा कागद उलटा धरला. दिव्याच्या तेलकट काजळीने ओढलेल्या रेघा होत्या. "हे माझ्या धन्याचं बोट. कुठे खणलं, कुठे पाणी लागलं, वर आला की रोज काढून ठेवायचा. सगळेच ठेवायचे. परवा राजा खाण उघडतोय. माझा जावई उतरणार आहे. पाणी कुठे दबा धरून बसलंय, ते त्याला कोण सांगणार?"

कागद सोडवायचे तर भिजवावे लागणार. तेलकट काजळी टिकेल, पण सूर्य वाहून जाणार, मोहोरही.

"जन्म गेला गं यात," तो पुटपुटला.

"मग बस त्या सूर्याला ओवाळत!"

तो घंगाळ भरून घेऊन आला. मग त्याने बापाचीच फळी आधी पाण्यात बुडवली.

रंग ओघळला. कागद सुटला. पाठीवर पाण्याच्या तीन नागमोडी रेघा होत्या, आणि कोपऱ्यात काजळीत बुडवून उमटवलेलं एक चिमुकलं पाऊल. त्याचंच.

संध्याकाळपर्यंत एकही फळी कोरडी राहिली नाही. पाठीशेजारी पाठ मांडली, तशी अख्खी खाण अंगणात पसरली. खाणकरी त्या खुणांवरून उतरले आणि पाणी टाळून पुढे गेले.

सुटीची घंटा पुन्हा वाजली. जावई वर आला, पाय तांबूस धुळीने माखलेले.

म्हणून लहानथोरांनो, जुनं जपायचं असेल, तर आधी ते उलटून वाचा.