राजाचं उटणं आणि नवी पेठ

"पाणी नाही म्हणजे काय? पेठ वसवली की पाणी आलंच पाहिजे!" दिमाखसिंह महाराज कडाडले.

खडकाळगडच्या या राजाला नव्या पेठा वसवायचा भारी सोस. पाऊस बेताचा, विहिरी मोजक्या, पण महाराज गावोगाव दवंडी पिटून माणसं बोलावत सुटलेले! आता नव्या पेठेत बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या, आणि दोष कुणाचा? म्हणे, म्हाताऱ्या येसबा पाणक्याचा! त्याला बेड्या ठोकल्या.

त्याची लेक गोजरा तरातरा दरबारात आली. "महाराज, बापाला सोडा. खडकातून तो पाणी कुठून काढणार?"

"मग तू काढ! उद्या मावळतीपर्यंत पेठेला पाणी दे. जुन्या विहिरींना हात लावायचा नाही. आमच्या बदकांच्या तळ्याकडे तर बघायचंही नाही! नाही जमलं, तर बाप जन्मभर कोठडीत!"

गोजरा म्हणाली, "देते. फक्त आपण रीत पाळा. नव्या पेठेत पहिली आंघोळ राजाची, त्याच पेठेच्या पाण्यानं. एकदा उटणं लागलं की आंघोळ झाल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही. उठलात तर पेठ ओस पडते."

"आम्हाला रीत शिकवतेस? पाळणारच!"

सकाळी नव्या पेठेच्या चौकात पाट मांडला. न्हाव्यानं महाराजांना डोक्यापासून पायापर्यंत तेल-उटणं चोपडलं. ऊन चढलं, उटणं वाळलं. खाज सुटली, माशा जमल्या. प्रधान बिचारा पागोट्यानं माशा हाकतोय!

"अगं, पाणी आण!"

"कुठून आणू, महाराज? इथं खडक. विहिरींना हात लावायची बंदी."

"मेलो! तळ्यातून आण!"

"छे! पेठेचंच पाणी हवं. तळं तर बदकांचं."

"खड्ड्यात गेली बदकं! तळं आजपासून या पेठेचं! लोकहो, ऐकलंत ना? आणा लवकर!"

ऐकायचीच खोटी! सगळी पेठ घागरी घेऊन तळ्याकडे पळाली. पहिली घागर महाराजांच्या डोक्यावर, बाकीच्या घरोघरी.

महाराज ओलेचिंब, डोळे चोळत म्हणाले, "फसवलंस, पोरी! पण पुढच्या पेठेला तळं कुठून आणशील?"

"मी कशाला आणू? आपण आधी उटणं लावून पाटावर बसा. पाणी आलं की मग दवंडी पिटा!"

महाराज पोट धरधरून हसले. येसबाच्या बेड्या तिथंच काढल्या. गोजराला सोन्याचं कडं आणि हुकूम मिळाला: तिनं पाणी दाखवल्याशिवाय राज्यात पेठेची एक वीटही रचायची नाही!