आईचं बळ

फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या जाळ्यांखाली सशांची वस्ती होती. एका वर्षी तिथे साथ आली. डोळे सुजायचे, अंग तापायचं आणि तिसऱ्या दिवशी बीळ रिकामं व्हायचं. निम्मी वस्ती गेली. कुंदी नावाची सशीण आणि तिची धाकटी बहीण तेरडी मात्र आजारातून उठल्या.

पुढच्या वर्षी दोघींना पिल्लं झाली. ती महिन्याची होतात न होतात तोच साथ पुन्हा आली.

"ताई, मी तर बिळाचं तोंड मातीनं लिंपून घेणार," तेरडी म्हणाली. "एकालाही बाहेर सोडायची नाही."

कुंदीच्याही मनात तेच होतं. पण शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराने अशा कितीतरी साथी पाहिल्या होत्या. तो म्हणाला, "पोरी, तू आजाराशी झुंजलीस. ते बळ तुझ्या पोटातून पिल्लांत उतरलंय. पण ते दोन-तीन महिन्यांत ओसरतं. ते अंगात आहे तोवर त्यांना चारचौघांत वावरू दे. आजार आलाच तर हलका येईल, आणि जाताना त्यांना त्यांचं स्वतःचं बळ देऊन जाईल."

कुंदीला गेल्या वर्षीची रिकामी बिळं आठवली. तरी सकाळी तिने तिन्ही पिल्लांना कुरणात नेलं.

चौथ्या दिवशी थोरल्या दोघांना जराशी कणकण आली, धाकट्याचं मात्र अंग तापलं. तो गवताला तोंड लावीना. कुंदी त्याला पोटाशी घेऊन बसून राहिली. दोन दिवसांनी तो उठला तो थेट भावाच्या तोंडातलं पान ओढून खाऊ लागला!

साथ सरली. तेरडीची चार गुबगुबीत पिल्लं लिंपलेल्या बिळातून बाहेर आली.

"बघ, एकालाही साधी शिंक आली नाही," ती म्हणाली.

हिवाळ्यात साथ परतली. तोवर आईकडून आलेलं बळ ओसरून गेलं होतं. तेरडीची तीन पिल्लं दगावली. चौथं तापाने फणफणलं, तेव्हा कुंदीची पोरं बेधडक त्याच्या बिळात शिरली आणि कोवळी पानं भरवत राहिली. ते जगलं. कुंदीच्या पोरांना मात्र काहीच झालं नाही.

"ताई, मी जपलंच होतं गं त्यांना," तेरडी हुंदके देत म्हणाली.

"जपलंस. मीही तेच करणार होते," म्हणत कुंदीने तिला जवळ घेतलं.

त्यानंतर त्या वस्तीत साथीला घाबरून कुणी बीळ लिंपलं नाही.

तात्पर्य: आईने दिलेलं बळ थोड्या दिवसांचं असतं, ते सोबत असतानाच स्वतःचं बळ कमवावं.